शून्य आणि रिकामा रकाना

रेडिओ खगोलशास्त्रात कामाला लागलं की एक सवय लवकर अंगवळणी पडते. आकाशाच्या एखाद्या तुकड्यात काही सापडलं नाही, तर नुसतं 'काही नाही' लिहून भागत नाही. दुर्बीण तिकडे किती वेळ रोखलेली होती, किती अँटेना चालू होत्या, गोंगाट किती होता आणि त्यामुळे किती मंद स्रोतापर्यंत आपली नजर पोचली असती, हे सगळं लिहावं लागतं. मग म्हणता येतं की तिथे काही असलंच, तर ते इतक्यापेक्षा मंद आहे. जिथे दुर्बीण वळवलीच नाही, तिथे हेही म्हणता येत नाही. पाहिलं पण दिसलं नाही, ही एक गोष्ट. पाहिलंच नाही, ही दुसरी. दोन्ही एका रकान्यात कालवल्या तर पुढचा सगळा अभ्यास बिघडतो.

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर मी पुण्यात बसून बरीच वर्षं काम केलं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधोमध चौरस किलोमीटरभर जागेत आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. एका रात्रीच्या निरीक्षणातून इतका डेटा येतो की डोळ्यांनी पाहून तो संपणं शक्य नाही. तो साफ करायचा, तपासायचा, दुसऱ्या दुर्बिणींच्या याद्यांशी जुळवायचा, हे माझं रोजचं काम होतं. पुढे पालघर जिल्ह्यात राहायला आले आणि डहाणू-तलासरी भागात आरोग्याच्या नोंदींवर काम करणाऱ्या एका छोट्या गटात सामील झाले. सायवन आणि आसपासचे पाडे हा आमचा मुख्य भाग. आकाशाच्या डेटाचा आणि अंगणवाडीच्या वहीचा काय संबंध, हा प्रश्न मला दोन्हीकडचे लोक विचारतात. त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

कासा सोडून उधव्याकडे निघालं की वाटेत सायवन लागतं. डांबरी रस्त्यालगत शाळा, आश्रमशाळा, आरोग्य केंद्र, दुकानं. पण गाव म्हणून जे नकाशावर दिसतं ते खरं तर डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांचं मिळून झालेलं आहे. वारली वस्ती जास्त. पावसाळ्यात भात आणि नागली. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर, बांधकामावर, नाहीतर तरणी मुलं थेट वेरावळ-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून. होळीला बरेच जण येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात. इथल्या आरोग्याची कुठलीही नोंद समजून घ्यायची, तर हे वर्षाचं चक्र आधी डोक्यात बसवावं लागतं.

माझ्या सुरुवातीच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका उपकेंद्राच्या मासिक अहवालात जुलैमध्ये तीन पाड्यांवर जुलाबाचे रुग्ण शून्य होते. शेजारच्या पाड्यांवर भरपूर. पाणी एकाच ओहोळाचं, पाऊस तोच. मी नर्सबाईंना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "ओहोळ भरला होता ना ताई, पलीकडं जाताच आलं नाही." मग शून्य का लिहिलं? कारण रकाना रिकामा ठेवला की अहवाल अपूर्ण ठरतो आणि परत येतो. त्यांनी फसवलं नव्हतं. नमुन्यात दुसरं काही लिहायची सोयच ठेवलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या वहीत मात्र त्या दिवसापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: 'पाणी, परत.'

त्या दोन शब्दांत दुर्बीण वळलीच नव्हती ही नोंद होती. ती फक्त वर पोचत नव्हती. आम्ही पुढची बरीच वर्षं जे केलं त्याचा गाभा एवढाच: वहीतली ती नोंद आकड्यांबरोबर वर जायला हवी. भेटीची वेगळी यादी सुरू केली. पाडा, तारीख, किती घरं उघडी होती, किती बंद, कोणत्या कारणाने परत फिरावं लागलं. रुग्णांच्या आकड्याला गावाच्या लोकसंख्येने भागायचं नाही, उघड्या मिळालेल्या घरांतल्या माणसांनी भागायचं. एवढं केल्यावर रोगाचा नकाशा पार बदलून गेला.

आधीच्या नकाशात आजार रस्त्याच्या कडेने दाटलेला दिसायचा. आरोग्य केंद्राभोवती गर्दी, लांबच्या डोंगरातल्या पाड्यांवर जवळजवळ काहीच नाही. एका बैठकीत तो नकाशा भिंतीवर लावून शिबिरं कुठे घ्यायची हे ठरत होतं आणि बोटं साहजिकच रस्त्याकडे वळत होती. खगोलशास्त्रात हा फार जुना पेच आहे. स्वीडनचे माल्मक्विस्ट यांनी १९२०च्या दशकात तो नीट मांडला. ठरावीक तेजापलीकडचंच दिसणार असेल, तर दूरच्या ताऱ्यांपैकी फक्त प्रखर तेवढे यादीत येतात आणि आपल्याला वाटतं की दूरचे तारे प्रखरच असतात. डोंगरातल्या पाड्यावरून केंद्रात पोचतो तो झोळीत घालून आणलेला, अत्यवस्थ माणूस. त्याच्यामागे घरीच राहिलेले किती, हे केंद्राच्या रजिस्टरला दिसत नाही. एडिंग्टन यांनी यावर कोळ्याच्या जाळ्याचा दाखला दिला होता: दोन इंच फटीचं जाळं टाकणारा माणूस म्हणतो की समुद्रात दोन इंचांहून लहान मासाच नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर हा दाखला कुणालाही लगेच कळतो, म्हणून बैठकीत मी तोच दिला. शिबिरं त्या वेळी निदान निम्मी तरी डोंगराकडे गेली.

आकाशासाठी घडवलेली हत्यारं आरोग्यात वापरण्याची कल्पना काही आमची नाही. तिला मोठी परंपरा आहे आणि तिच्यात मराठी माणसं आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी. करून अमेरिकेत कॅलटेकला गेलेले आशिष महाबळ हे आकाशात अचानक उजळणाऱ्या, विझणाऱ्या वस्तू हजारो-लाखो नोंदींतून ओळखण्याच्या कामातलं मोठं नाव. कॅटालिना आणि झ्विकी या आकाश-सर्वेक्षणांवर त्यांनी काम केलं. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले डॅनिअल क्रिक्टन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर कर्करोगाच्या लवकर निदानासाठी चालणाऱ्या संशोधनजाळ्यात त्यांनी याच पद्धती नेल्या. इटलीतल्या सोरेंतो इथे २०१६ साली खगोलीय डेटाविज्ञानावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला, त्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आकाशातून जमिनीकडे पद्धती कशा न्यायच्या यावर निबंध मांडला. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या दाट प्रतिमांतून तारे वेगळे करणारी प्रणाली कर्करोगाच्या पेशी मोजायला वापरली. आणि पुण्यात, जिथे अजित केंभावी व सहकाऱ्यांनी २००२च्या सुमारास पर्सिस्टंट कंपनीबरोबर आभासी वेधशाळेचं काम उभं केलं, त्याच आयुकाच्या आवारात आता पुणे नॉलेज क्लस्टर आहे. कोविडच्या काळात तिथून साथीच्या डेटावर काम झालं.

याहून जुना एक धागा मला फार प्रिय आहे, कारण तो आमच्या शेजारून जातो. १९५०च्या दशकात सिडनीजवळच्या पॉट्स हिलला ख्रिश्चनसेन यांनी लहान लहान ३२ तबकड्यांची रांग उभी करून सूर्याचे पट्ट्यापट्ट्यांनी वेध घेतले. निरनिराळ्या दिशांनी घेतलेले असे पट्टे एकत्र करून मूळ चित्र कसं मिळवायचं, याचं गणित रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ साली मांडलं. शरीराच्या आरपार निरनिराळ्या कोनांतून गेलेल्या क्ष-किरणांवरून आतला छेद उभा करायचा, हे सीटी स्कॅनचं गणितही त्याच जातीचं. त्या काळात सिडनीत शिकायला गेलेले गोविंद स्वरूप पुढे स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडेच पीएच.डी.ला राहिले. पॉट्स हिलच्या त्या तबकड्या भारताला मिळाल्या आणि स्वरूप यांनी त्या १९६५ साली उभारल्या कुठे, तर कल्याणला. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, ज्यात डहाणू आणि सायवनही होतं. पुढे उटी आणि खोडदच्या दुर्बिणी त्यांनीच उभ्या केल्या.

अशा मोठ्या कामांबद्दल वाचलं की वाटतं, आपणही थेट यंत्राला शिकवायला बसावं. पण सायवनच्या भागात पहिला प्रश्न काटा बरोबर आहे का, हाच असतो. खोडदला निरीक्षण सुरू करताना, मध्ये मध्ये आणि शेवटी दुर्बीण एखाद्या माहितीतल्या स्रोताकडे वळवतात. ३सी ४८, ३सी १४७, ३सी २८६ ही त्यांतली नेहमीची नावं. त्यांचं तेज ठाऊक असतं, म्हणून उपकरण किती खोटं बोलतंय ते कळतं. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी असा माहितीतला स्रोत कुठला? आम्ही दुकानातून पाच किलोचं शिक्का मारलेलं वजन आणलं.

ते काम कसं चालतं ते एकदा बारकाईने सांगायला हवं. घड्याळासारखी तबकडी असलेला स्प्रिंगचा काटा पडवीच्या वाशाला टांगलेला. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. झोळी ओली असेल तर पुन्हा. मग झोळीत पाच किलोचं वजन. काटा पावणेपाचच्या थोडा पुढे थांबतो. सेविकाताई तो आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहितात, सुधारत नाहीत, खोडत नाहीत. मग एकेक मूल. मूल रडतं, पाय झाडतं, काटा नाचतो. आई झोळीला हात लावायला जाते, ताई डोळ्यांनीच तिला थांबवतात. रडण्याच्या दोन हुंदक्यांमध्ये क्षणभर मूल श्वास घेतं आणि काटा स्थिर होतो; ताई नेमका तेवढा क्षण पकडतात. शेवटचं मूल उतरलं की पुन्हा पाच किलोचं वजन. उन्हात टांगून टांगून काटा सकाळपेक्षा वेगळा बोलायला लागलेला असेल, तर तेही कोपऱ्यात येतं. दुरुस्ती नंतर आम्ही करतो, मूळ आकडा तसाच ठेवून. जीएमआरटीच्या डेटातही मोबाइल टॉवरचा किंवा विजेच्या तारांचा गोंगाट शिरलेला भाग आम्ही पुसत नसू, त्यावर खूण करत असू. पुसलेलं परत मिळत नाही.

काट्याचा दोष मोजता येतो. माणसाच्या हाताचा दोष वेगळ्या तऱ्हेने दिसतो. रक्तदाबाच्या शेकडो नोंदी एकाखाली एक मांडल्या आणि त्यांत १२०/८० भसाभस यायला लागले, वजनांचा शेवटचा आकडा शून्य किंवा पाचच असायला लागला, की समजावं, मोजणाऱ्यावर भार जास्त झाला आहे. हा आलेख मी कधीही कुणाला बोल लावण्यासाठी वापरला नाही आणि वापरू दिला नाही. एका नर्सबाईकडे किती पाडे आणि किती रजिस्टरं आहेत, हे त्या आलेखाशेजारी ठेवलं की बोलणं आपोआप मनुष्यबळावर येतं.

सर्वांत जास्त काळ आम्ही झगडलो तो नावांशी. आकाशात हेच काम मी वर्षानुवर्षं केलं होतं. रेडिओ दुर्बिणीला एक ठिपका दिसतो, प्रकाशीय दुर्बिणीला त्याच्या आसपास चार दिसतात. यातला तोच कोणता? प्रत्येक दुर्बिणीची जागा सांगण्यात थोडी चूक असते, म्हणून ठिपक्याभोवती एक वर्तुळ काढायचं आणि त्यात काय काय येतं ते पाहायचं. आकाशगंगेच्या दाटीत जवळचा ठिपका आपलाच असेल याची खात्री नसते. तिथे किती गर्दी आहे यावरून शक्यता मांडावी लागते. माणसांच्या नोंदींसाठी याच कामाचं गणित कॅनडात फेलेगी आणि सन्टर यांनी १९६९ साली घट्ट बसवलं, तर खगोलशास्त्रात ते वेगळ्या वाटेने आलं. दोन्ही गणितं शेजारी ठेवली तेव्हा मला नात्यातलं माणूस भेटल्यासारखं झालं.

इथे एकच बाळ गरोदर मातांच्या नोंदीत आईच्या नावाने असतं, लसीकरणात 'बाळ ऑफ' अमुक म्हणून असतं, अंगणवाडीत घरच्या नावाने आणि शाळेत चौथ्याच नावाने. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तर दुसऱ्या उपकेंद्रात तिची नोंद बापाच्या आडनावाने होते. शुक्रवारी जन्मली म्हणून शुक्री. तिची कुठे सुकरी होते, कुठे शुक्रा. पाड्यात निम्मी घरं वरठा, किंवा धांगडा, किंवा घाटाळ. आडनाव जुळलं याला तिथे काडीचंही वजन देता येत नाही; हीच तर आकाशगंगेतली दाटी. जन्मतारीख? आधार कार्ड काढताना ज्यांना तारीख सांगता आली नाही त्यांची १ जानेवारी झाली, त्यामुळे मोठ्या माणसांच्या यादीत १ जानेवारीचा डोंगर उभा राहतो. शहरातल्या रुग्णालयांच्या प्रणाली मोबाइल नंबर जुळला की माणूस तोच असं धरून चालतात. इथे पाड्यातल्या बायकांकडे फोनच नसायचा, म्हणून आशाताई स्वतःचा नंबर देऊन मोकळ्या व्हायच्या. त्या एका नंबराखाली अख्खा पाडा. बाहेरून आणलेली तयार प्रणाली आम्ही चालवून पाहिली तेव्हा तिने एका पाड्यातल्या सगळ्या गरोदर बायांची मिळून एकच बाई केली होती.

म्हणून वजनं इथलीच काढावी लागली. या पाड्यात हे नाव किती जणींचं आहे, हा नंबर किती ठिकाणी आला आहे, यावरून जुळण्याची किंमत ठरवायची. दुर्मीळ गोष्ट जुळली तर भारी, सर्रास आढळणारी जुळली तर हलकी. कोणत्या मुलाच्या पाठचं कोणतं, थोरल्याचं नाव काय, हे इथे आडनावापेक्षा कितीतरी भरवशाचं निघालं. ते आशाताईंनीच सांगितलं. गणिताने नंतर त्याला मान डोलावली.

एवढं करूनही काही जोड्या अधांतरी राहतातच. २००७ साली गॅलॅक्सी झू नावाच्या उपक्रमात हजारो सामान्य लोकांनी दीर्घिकांचे आकार डोळ्यांनी ओळखून दिले होते. यंत्र जिथे अडतं तिथे माणसाला विचारायचं, ही पद्धत तिथे सिद्ध झाली. आम्ही अडलेल्या जोड्या आशाताईंसमोर ठेवायला लागलो. महिन्यातून एकदा चहा घेऊन बसायचं, त्या यादी वाचायच्या. "ही आणि ही एकच. ही तिची जाऊ. ही मागल्या वर्षी वारली, तुमच्याकडं अजून हाये?" संगणकाला न सुटलेलं त्या बोलता बोलता सोडवायच्या. गॅलॅक्सी झूत लोकांनी हौसेने फुकट काम केलं. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो, त्यामुळे त्यांचा दिवस फुकट घेणं अन्याय आहे, ही भूमिका मी पहिल्यापासून लावून धरली. त्यांच्या बैठकीचे पैसे आमच्या खर्चाच्या अंदाजात संगणकाच्या आधी लिहिले जातात.

जिल्हा बदलल्याची भानगड खगोलशास्त्रामुळे सोपी गेली. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, म्हणून ताऱ्यांचे निर्देशांक कोणत्या वर्षाचे ते सांगावं लागतं. जुन्या याद्या १९५० सालच्या चौकटीत, नव्या २०००च्या. रूपांतर केल्याशिवाय दोन्ही जुळत नाहीत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदी ठाण्याच्या नावाखाली. प्रत्येक नोंदीला तिची चौकट चिकटवली आणि प्रश्न संपला.

मुलांच्या वजनांचा आलेख मी पहिल्यांदा सलग पाहिला तेव्हा मला तो तेजोवक्रासारखा दिसला. ताऱ्याचं तेज रोज मोजता येत नाही. ढग येतात, चंद्र येतो, दुर्बीण दुसऱ्या कामात असते. म्हणून आकाशातल्या मोजण्या तुटक, विषम अंतरांच्या असतात आणि त्यांच्यासाठीच लोम्ब आणि स्कार्गल यांच्यासारख्यांनी १९७६ आणि १९८२ साली पद्धती बसवल्या. सायवनच्या मुलाचा आलेखही असाच: पावसाळ्यात दाट ठिपके, दिवाळीनंतर मोकळं रान, होळीला एखादा ठिपका. नेहमीची प्रणाली मधली रिकामी जागा सरळ रेषेने जोडून टाकते आणि मूल ठीक वाढतंय असं दाखवते. प्रत्यक्षात भट्टीवर असताना ते खाली गेलेलं असतं. आम्ही रेषा जोडणं बंद केलं. रिकामी जागा रिकामीच दाखवली आणि ती किती लांब आहे, हाच धोक्याचा एक मापदंड धरला. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायला लागले, लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले, तेव्हाच्याही आलेखात अशाच मोकळ्या पट्ट्या आहेत. त्यांचं कारण त्यांच्यापुढे लिहिलेलं आहे.

धोक्याच्या सूचना किती द्यायच्या, हेही मी आकाशाकडून शिकले. झ्विकी सर्वेक्षण एका रात्रीत लाखो सूचना देतं. त्या सगळ्यांमागे जाणारी दुर्बीण जगात नाही, म्हणून चाळण्या लावून ज्यांचा पाठपुरावा खरोखर होऊ शकेल अशा मोजक्याच निवडायच्या. आमच्याकडे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, वजन सलग उतरतंय, मधली पोकळी मोठी, भाऊबहीण लहानपणी दगावलेलं, अशा खुणांवरून यादी बनते. नर्सबाईंना ती सोमवारी मिळते. यादीची लांबी आम्ही त्यांची गाडी आणि पाय यांवरून ठरवली. मोठी यादी पहिल्या आठवड्यातच कुणी वाचेनासं होतं.

इथपर्यंत आकाश उपयोगी पडलं. पुढे नाही. भौतिकशास्त्रात नवा शोध जाहीर करायला पाच सिग्माची खात्री लागते. तोवर थांबायचं, पुन्हा वेध घ्यायचा. ताऱ्याचं त्यात काही जात नाही. सलग तीन वेळा वजन उतरलेल्या बाळासाठी खात्री होईपर्यंत थांबलं तर बाळ जातं. म्हणून इथे खोटी घंटा वाजली तरी चालेल, खरी चुकता कामा नये, असा उंबरठा खाली ओढावा लागला. माझ्या शिक्षणाने घडवलेल्या सावध स्वभावाला ते फार जड गेलं. एका बैठकीत मी पुराव्याबद्दल बोलत असताना केंद्रातल्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, गाडी पाठवायची की नाही?" त्या दिवसापासून प्रत्येक आकड्यापुढे मी तोच प्रश्न लिहिते.

एका ठिकाणी शिकवलेलं यंत्र दुसरीकडे फसतं, हे दोन निरनिराळ्या दुर्बिणींच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक आहे. इथे त्याचा चेहरा सिकलसेलचा होता. बाहेरच्या डेटावर शिकलेली प्रणाली कमी हिमोग्लोबिन दिसलं की लोहाची कमतरता म्हणून मोकळी व्हायची. या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो झालेल्या माणसाचं हिमोग्लोबिन मुळातच खाली असतं, आणि तपासणी न करता नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणं हा त्याच्यावरचा उपाय नव्हे. डहाणूला आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. २०२३च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू झाली. तपासण्या वाढल्या, तशी नोंदींची जबाबदारीही वाढली.

ती जबाबदारी किती जड आहे हे मला एका आजींनी दाखवलं. नातीच्या तपासणीची नोंद चालली होती. त्यांनी विचारलं, "तिचं नाव कुठं कुठं जाणार?" ताऱ्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. खगोलशास्त्रातला डेटा काही काळाने जगाला खुला करतात आणि ते चांगलंच आहे. पण चाळीस घरांच्या पाड्यात नाव काढून टाकलं तरी 'सिकलसेल वाहक, मुलगी, वय सोळा' एवढ्यावरून अख्ख्या पाड्याला ती कोण ते कळतं, आणि पुढे तिचं लग्न अडतं. त्यानंतर पाड्यापाड्याचे ठिपके दाखवणारा नकाशा आम्ही भिंतीवरून काढला. लहान आकडे बाहेर दाखवायचेच नाहीत, हा नियम केला. आजींना मी उत्तर दिलं ते नावानिशी: ही नर्स, हा डॉक्टर, आमच्या गटातल्या आम्ही दोघी, आणखी कुणी नाही. आणि तेवढंच राहील याची व्यवस्था उभी करायला त्यानंतर बराच काळ गेला. परवानगीचा कागद आता वाचून दाखवला जातो, वारलीत समजावला जातो, आणि 'नको' म्हणणाऱ्याच्या उपचारात काही फरक पडत नाही हे आधी सांगितलं जातं.

सध्या आमचं काम अडलंय ते स्थलांतरापाशी. कुटुंब गुजरातेत गेलं की इकडच्या नोंदी तिकडे दिसत नाहीत, तिकडच्या इकडे नाहीत. वेधशाळांनी हा प्रश्न १९८०च्या आसपास सोडवला होता. चुंबकीय फितींवर डेटा एका देशातून दुसऱ्या देशात जायचा, तेव्हा फिट्स नावाचा साचा ठरला. त्यात आकड्यांच्या आधी, त्याच फाइलमध्ये, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे काय आहे, कोणत्या उपकरणाने, कधी, कुठल्या एककात मोजलं. म्हणजे डेटा जिथे जाईल तिथे त्याची ओळख बरोबर जाते. आम्ही प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड केलं. वर बाळाची, आईची, थोरल्या भावंडाची ओळख, कोणत्या काट्यावर वजन केलं, तो किती चुकतो, लसी, इकडच्या नर्सबाईंचा फोन. खाली मोकळ्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत 'भेट झाली, वजन केलं नाही' अशीही एक चौकट. दिवाळीच्या आधी सेविकाताई कोणता मुकादम कुणाला कुठे नेणार याची यादी करतात आणि कार्ड आईच्या हातात देतात.

काही कार्डं भिजून येतात, काही येतच नाहीत. काहींवर गुजराती आकड्यांत वजनं लिहिलेली असतात. तलासरीकडच्या, माहेर उंबरगावचं असलेल्या एक आशाताई ती आम्हाला वाचून देतात आणि तिकडच्या नर्सचा फोन नंबर कार्डावर असेल तर लगेच तिथे बसल्या बसल्या फोन लावतात. येत्या हंगामात त्या नर्सबाईंनाही आमच्या महिन्याच्या बैठकीला बोलवायचं ठरलं आहे. जाण्यायेण्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, एवढं सोडवायचं बाकी आहे.